धार एकाची, घाव दुसऱ्याचा

इंग्रजी भाषेंत ‘टु एग ऑन’ असें एक साधें, घरगुती क्रियापद आहे. दुसऱ्याच्या मागें लागून, त्याला बोलून बोलून, त्याच्याकडून एखादी गोष्ट करवून घेणें असा त्याचा स्थूल अर्थ कोणत्याहि कोशांत सांपडतो. आमच्याकडील शाळा-कॉलेजांतून हें क्रियापद शिकवितांना ‘उत्तेजन देणें’ असा प्रतिशब्द फळ्यावर लिहिला जातो, विद्यार्थी तो वहींत उतरून घेतात आणि प्रकरण तेथेंच मिटतें. हा प्रतिशब्द चूक आहे असें म्हणवत नाहीं. पण तो बरोबर आहे असेंहि म्हणवत नाहीं. मुलाला चांगले गुण मिळाले म्हणून चुलता त्याला पुस्तक बक्षीस देतो, हें उत्तेजन होय. त्याच मुलाला दोघे सोबती ‘भितोस काय? मार उडी!’ असें म्हणून भरलेल्या विहिरींत उडी टाकावयास लावतात. या दुसऱ्या प्रसंगाला इंग्रज मनुष्य ‘एग ऑन’ म्हणेल. पहिल्याला बहुधा म्हणणार नाहीं. दोन्हीं ठिकाणीं बोलणें एकाचें आणि करणें दुसऱ्याचें आहे. तरीहि या दोहोंमध्यें जें अंतर आहे तें शब्दांत नीट धरतां येणें ही केवळ परीक्षेपुरती बाब नाहीं. हें अंतर न कळल्यामुळें घरें बिघडतात, आणि क्वचित् माणूस तुरुंगांतहि जातो. म्हणून या एका क्रियापदाचा अर्थ, त्याचें मूळ आणि त्याच्या मराठी भाऊबंदांची स्थिति यांचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘एग’ म्हणजे अंडें हें आपणां सर्वांस ठाऊक असल्यामुळें या क्रियापदाचा अंड्याशीं कांहीं तरी संबंध असावा असें सहजच वाटतें. कोंबडी अंडीं उबवून त्यांतून पिलूं बाहेर काढते, तसा एक मनुष्य दुसऱ्याच्या मनांतला बेत उबवून बाहेर काढतो, अशी उपपत्ति विद्यार्थी मोठ्या हौसेनें सांगतात. विलायतेंत नावडत्या वक्त्यावर अंडीं फेंकण्याची चाल होती, तिच्यावरून हा शब्द आला असेंहि कोणी म्हणतो. दोन्ही कल्पना गमतीच्या आहेत. दोहोंनाहि आधार नाहीं. खरी गोष्ट अशी कीं, इंग्रजींत उच्चारानें आणि लेखनानें सारखे असे दोन ‘एग’ आहेत. दोन्ही एकाच देशांतून आले, पण त्यांचीं कुळें निराळीं आहेत.

नवव्या शतकांत उत्तरेकडील डेन व नॉर्वेजियन लोकांनीं इंग्लंडवर स्वाऱ्या केल्या. इ. स. ८६५ सालीं त्यांची मोठी फौज तेथें उतरली, आणि पुढें देशाच्या उत्तर व पूर्व भागांत ते कायमचे वस्ती करून राहिले. ते शेती करूं लागले, सोयरिकी झाल्या, आणि त्यांच्या बोलींतील शेंकडों शब्द इंग्रजांच्या स्वयंपाकघरांत व शेतांत शिरले. ‘लॉ’, ‘हजबंड’, ‘विंडो’, ‘नाइफ’, ‘स्काय’, ‘टेक’, ‘कॉल’ हे नित्याचे शब्द त्या वसाहतींतले आहेत. इतकेंच काय, पण ‘दे’ हें सर्वनामहि तेथूनच आलें. जेत्यांचे शब्द दरबारापुरते राहतात आणि शेजाऱ्यांचे शब्द चुलीपर्यंत पोंचतात. आपल्याकडे ‘अर्ज’ व ‘हुकूम’ हे फारसींतून कचेरीच्या वाटेनें आले, आणि ‘अक्का’ व ‘अण्णा’ हे कानडी शेजारांतून थेट माजघरांत आले, याचें स्मरण ठेवलें म्हणजे हा प्रकार ध्यानांत येतो.

अंडें या अर्थाचा ‘एग’ शब्दहि याच शेजाऱ्यांचा. इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द ‘एय’ असा होता व त्याचें अनेकवचन ‘आयरेन’ होई. इंग्लंडांत छापण्याची कला आणणारा विल्यम कॅक्स्टन यानें १४९० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका भाषांतराच्या प्रस्तावनेंत एक मौजेची हकीकत दिली आहे. कांहीं व्यापारी प्रवासांत वाटेवरच्या एका घरीं गेले आणि त्यांपैकीं एकानें घरधनिणीकडे ‘एग्ज’ मागितले. ती बाई म्हणाली, ‘मला फ्रेंच येत नाहीं’. तो चिडला, कारण त्यालाहि फ्रेंच येत नव्हतें. अखेर दुसऱ्यानें ‘आयरेन’ म्हटलें, तेव्हां तिला उमज पडला. एकाच देशांतील दोन माणसांचें अंड्यावरून असें अडलें! पुढें उत्तरेकडील शब्दानें देशी शब्दाला हुसकून लावलें. हा झाला पहिला ‘एग’; त्याचें नातें लॅटिन ‘ओव्हम्’ या शब्दाशीं आहे.

दुसरा ‘एग’ म्हणजे आपलें क्रियापद. त्या उत्तरेकडील जुन्या भाषेंत ‘एग’ या नामाचा दुसरा एक अर्थ होता : शस्त्राची धार. त्यावरून ‘एग्गिया’ असें क्रियापद झालें. धार लावणें, पाजविणें, आणि त्यावरून माणसाला चेतविणें, असा त्याचा अर्थ. इंग्रजींत तें सुमारें १२०० सालापासून आढळतें. धार या अर्थाचा इंग्रजांचा स्वतःचा ‘एज’ हा शब्द त्याचा सख्खा भाऊ; सोळाव्या शतकांत कांहीं लेखक ‘एज ऑन’ असेंहि लिहीत. म्हणजे ‘एग ऑन’ करणें याचा मूळ अर्थ माणसाला धार लावणें, एवढाच आहे.

या कुळाचा विस्तार मोठा आहे. टोंक, अणकुची, धार हा अर्थ असलेल्या एका अतिप्राचीन धातूपासून लॅटिनमध्यें ‘आकिएस’ म्हणजे धार व ‘आकुस’ म्हणजे सुई हे शब्द झाले. इंग्रजीतील ‘अ‍ॅक्यूट’ व ‘अ‍ॅसिड’ हे त्याच वंशांतले. संस्कृतांत त्याच धातूचें अपत्य ‘अश्रि’ होय. त्याचा अर्थ कोपरा, कड, धार. ज्याला चार कडा तें ‘चतुरस्र’, आणि चतुरस्राचा मराठी अवतार ‘चौरस’. आमच्या अंगणांतली चौरस फरशी आणि इंग्रजाचें हें चिथावणीचें क्रियापद एकाच आजीचीं नातवंडें आहेत असें सांगितलें तर प्रथम कोणाचा विश्वास बसणार नाहीं. भाषाशास्त्राचें सुख असल्या भेटींत असतें. परंतु केवळ नातें सांपडलें म्हणून अर्थ सांपडला असें होत नाहीं. आतां त्या अर्थाकडे वळूं.

धार लावण्याची ही कल्पना मोठी नेमकी आहे. निसण्यावर विळा घांसणारा मनुष्य विळ्याला नवें लोखंड देत नाहीं. जें पोलाद त्यांत आहे तेंच तो पातळ करतो, तीक्ष्ण करतो. चेतविणारा मनुष्यहि तसाच. दुसऱ्याच्या ठिकाणीं राग, अभिमान, भीति, ईर्ष्या यांपैकीं जें आधींच असेल त्यालाच तो घांसतो. पुढें घाव बसतो तो विळ्याच्या पात्याचा, निसण्याचा नव्हे. आणि पातें बोथटलें, तुटलें, तर तेंहि पात्याचेंच नुकसान. निसणा आपला कोपऱ्यांत कोरडा पडून असतो. ‘एग ऑन’ या क्रियापदांत जी एक तिरस्काराची छटा आहे ती येथून आली असावी असें वाटतें. बोलणारा सुरक्षित आणि करणारा संकटांत, हा त्या शब्दाचा गाभा आहे.

ज्या लोकांनीं हा शब्द घडविला त्यांच्या कथांतून याचीं उदाहरणें पानोंपानीं आहेत. आइसलंड बेटांत तेराव्या शतकांत लिहिल्या गेलेल्या न्यालच्या कथेंत हिल्डिगुन नांवाची एक विधवा आहे. तिचा पति मारला गेला. तिचा चुलता फ्लोसी घरीं आला असतां तिनें पतीचा रक्तानें माखलेला झगा जपून ठेवलेला होता तो काढून चुलत्याच्या अंगावर टाकला. वाळलेलें रक्त झडून खालीं पडलें. तो झगा एके काळीं फ्लोसीनेंच भेट दिलेला होता. कायद्यानें दंड घेऊन भांडण मिटवावें अशी फ्लोसीची इच्छा होती. परंतु त्या दिवसापासून तो त्या वाटेवर राहूं शकला नाहीं, आणि शेवटीं न्याल व त्याचें कुटुंब घरासकट जाळलें गेलें. हिल्डिगुननें स्वतः हातांत कांहीं घेतलें नाहीं. तिनें धार लावली.

आपल्याकडील वाचकाला येथें महाभारताच्या उद्योगपर्वांतील विदुलेची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. सिंधुराजाकडून हरून आलेला तिचा मुलगा संजय घरांत हताश पडून राहिला, तेव्हां त्या मातेनें त्याला जें बोल लावले तेच कुंतीनें श्रीकृष्णाकरवीं आपल्या पुत्रांना कळविले. विदुलेची वाणी हिल्डिगुनच्या झग्याहून कमी जळजळीत नाहीं. तुझें हृदय लोखंडाचें केलेलें दिसतें, असें मुलगा तिला म्हणतो. पण या दोन स्त्रियांत एक भेद आहे, आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलगा जेव्हां विचारतो कीं, माझ्यापाशीं ना द्रव्य ना सहाय, मी लढूं कशाच्या बळावर, तेव्हां विदुला नुसती त्याची निर्भर्त्सना करून थांबत नाहीं. त्याला ठाऊक नसलेला मोठा कोश आपल्यापाशीं आहे, तो मी तुला देतें, असें ती सांगते. त्याच्या बाजूचीं माणसें अजून आहेत हेंहि सांगते. तिचा मुलगा हरला तर तीहि त्याच्याबरोबर बुडणार आहे. विदुलेचें बोलणें तिखट असलें तरी त्याला ‘एग ऑन’ म्हणतां येणार नाहीं, कारण ती निसण्यासारखी कोपऱ्यांत पडून राहिलेली नाहीं.

आतां मराठीकडे येऊं. या बाबतींत आमची भाषा दरिद्री आहे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं चार शेतकऱ्यांत बसून ऐकावें. प्रस्तुत लेख ज्या मिरजगांवीं लिहिला जात आहे तें नगर-सोलापूर रस्त्यावर, कर्जत तालुक्यांत आहे. पाऊस बेताचा, आणि रब्बीची ज्वारी हा जीव कीं प्राण, असा हा मुलूख. आतां नांगरटीला ट्रॅक्टर आले. तरी दुसऱ्याला कामास लावण्याचे जे शब्द येथील बोलण्यांत आहेत त्यांतले पुष्कळसे अजून गोठ्यांतले, चुलीजवळचे आणि रानांतले आहेत. स्थूलमानानें त्यांचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग हांकण्याचा. बैल हांकण्याची काठी ती पराणी. तिच्या टोंकाला बसविलेला खिळा ती आर. ‘सारखी पराणी लावली आहे’, ‘टोंचणी लागली आहे’ असे प्रयोग यावरून झाले. ‘पराणी’ हा शब्द संस्कृत ‘प्राजन’ या शब्दाच्या वंशांतला आहे. त्याच्या मुळाशीं ‘अज्’ म्हणजे हांकणें हा धातु आहे. लॅटिन भाषेंत याच धातूचें रूप ‘अ‍ॅगेरे’, आणि त्याचें पौनःपुन्यदर्शक रूप ‘अ‍ॅजितारे’, म्हणजे वारंवार हांकणें, हलविणें. इंग्रजींतील ‘अ‍ॅजिटेटर’ त्यावरून आला. म्हणजे पराणी धरणारा गाडीवान आणि सभेंत बोलणारा चळवळ्या हे शब्दांच्या कुळीनें एकाच घरचे. इंग्रजीतील ‘गोड’ हें क्रियापदहि जनावर टोंचण्याच्या काठीवरूनच निघालें आहे, आणि ‘स्पर’ हें घोड्याला मारावयाच्या टांचेवरून. या वर्गांत ज्याला हांकावयाचें त्याच्या इच्छेचा प्रश्नच नसतो. बैलाला कोठें जावयाचें हें गाडीवान ठरवितो.

दुसरा वर्ग धारेचा, आणि तेथें आमच्या विद्वानांना एक आश्चर्य भेटतें. ‘उत्तेजन’ हा शब्द आज आपण किती सौम्य मानतों! शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेंत पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक झाल्यावर जो मुलगा उरतो त्याला ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस मिळतें. पुण्यास १८९४ सालीं ग्रंथांच्या वाढीसाठीं जी संस्था निघाली तिचें नांव ‘ग्रंथोत्तेजक’. परंतु या शब्दांतला धातु ‘तिज्’ आहे, आणि त्याचा अर्थ धार लावणें, तीक्ष्ण करणें. ‘तीक्ष्ण’, ‘तेज’ आणि आपलें घरगुती ‘तिखट’ हीं त्याचींच रूपें. लॅटिन ‘इन्स्टिगारे’, ज्यावरून इंग्रजी ‘इन्स्टिगेट’ आला, तोहि याच प्राचीन धातूचा. तेव्हां फळ्यावर ‘एग ऑन’ म्हणजे ‘उत्तेजन’ असें लिहिणारा शिक्षक व्युत्पत्तीच्या दृष्टीनें तंतोतंत बरोबर आहे. दोन्ही शब्दांच्या पोटांत एकच निसणा आहे. चूक होते ती व्यवहारांत, कारण शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मावरून ठरत नाहीं. तो कोणत्या संगतींत वाढला त्यावरून ठरतो. इंग्रजांनीं आपला निसणा व्रात्य पोरांच्या हातीं दिला, आम्हीं आपला शाळेच्या कपाटांत नीट ठेवला.

तिसरा वर्ग आगीचा : चेतविणें, भडकाविणें, पेटविणें, आगींत तेल ओतणें. येथें मनुष्य लोखंड नाहीं, सरपण आहे. सरपण एकदां पेटलें म्हणजे पेटविणाराच्याहि ताब्यांत राहत नाहीं, हें या वर्गाचें वैशिष्ट्य. चुलींत लांकूड चेतविणें हें गृहिणीचें नित्याचें काम. पण तेंच गंजीजवळ केलें तर गांव जळतें. म्हणून ‘चेतविणें’ हा शब्द चांगल्या-वाईट दोन्ही अर्थीं चालतो, आणि ‘भडकाविणें’ केवळ वाईट अर्थीं.

चौथा वर्ग मराठीचा अगदीं स्वतःचा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मतें सर्वांत मार्मिक. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढविणें.’ ज्यानें हरभऱ्याचें शेत पाहिलें आहे त्याला यांतली खोंच समजावून सांगावी लागत नाहीं. तें झाड जेमतेम गुडघ्याइतकें! त्यावर चढणारा मुळांत चढलेलाच नसतो. पण स्तुति ऐकतां ऐकतां त्याला आपण आभाळांत आहों असें वाटूं लागतें. हांकणारा टोंचतो, धार लावणारा घांसतो, पेटविणारा फुंकतो. हा मात्र गोड बोलतो. याच्याच शेजारीं ‘भरीस घालणें’, ‘फूस लावणें’, ‘चिथावणें’ आणि ‘डिवचणें’ हीं क्रियापदें उभीं आहेत. विहिरींत उडी टाकावयास लावणारे ते दोघे सोबती खरोखर काय करीत होते? ‘भितोस काय?’ असें म्हणणें हें डिवचणें झालें, आणि त्याच्याकडून उडी टाकवून घेणें हें भरीस घालणें झालें. ‘तुझ्यासारखा पोहणारा पंचक्रोशींत नाहीं’ असें म्हणाले असते तर तें हरभऱ्याचें झाड झालें असतें. इंग्रजाला या तिन्हीं प्रसंगीं एकच ‘एग ऑन’ पुरतो. आपणांपाशीं तीन निरनिराळे शब्द असतांना ते बाजूस सारून आम्ही चवथाच, ‘उत्तेजन’, लिहितों. याला काय म्हणावें!

आमची तक्रार कोशकारांवर नाहीं. मोल्सवर्थनें १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति काढली. मधल्या काळांत, १८४७ सालीं, कँडीचा इंग्रजी-मराठी कोश आला. त्या पिढीनें गांवोगांवचे शब्द वेंचून आणले म्हणून तर आज आपणांस ते लिहिलेले सांपडतात. तक्रार आहे ती कोश उघडण्याचा कंटाळा करणाऱ्या भाषांतरकारांवर, आणि ‘संस्कृत शब्द तेवढा सभ्य, देशी शब्द गांवढळ’ असें मानणाऱ्या आम्हां शिक्षकवर्गाच्या खोडीवर. ‘भरीस घालणें’ हें परीक्षेच्या उत्तरांत शोभणार नाहीं अशा भीतीनें विद्यार्थी ‘प्रवृत्त करणें’ असें लिहितो. त्या शब्दांत ना निंदा ना स्तुति; बैलहि प्रवृत्त होतो, साधुहि प्रवृत्त होतो. असल्या शब्दानें वाक्य पुरें होतें, पण कोणी कोणाला काय केलें हें कळत नाहीं.

हें न कळणें किती महाग पडतें याचा दाखला न्यायालयांतून मिळतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत १८७० सालीं जें राजद्रोहाचें १२४-अ कलम घातलें गेलें त्यांतील मुख्य क्रियापद ‘एक्साइट’ हें होतें. तें आणि ‘इन्साइट’ हे दोन्ही लॅटिन ‘सिटारे’, म्हणजे हलवून जागें करणें, याच्या पोटचे. सरकारविषयीं ‘डिसअफेक्शन’ जागें करणारा तो गुन्हेगार. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यांत न्या. स्ट्रेची यांनीं ज्यूरीला सांगितलें कीं, डिसअफेक्शन म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव. या अर्थानें पाहिलें तर ज्याला सरकारचा उमाळा येत नाहीं असा प्रत्येक मनुष्य गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभा राहतो. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षीं इस्लामपूरच्या एका वृत्तपत्रावरील खटला मुंबई हायकोर्टापुढें आला, आणि तेथें न्या. रानडे यांनीं निराळें मत दिलें : प्रेम नसणें एवढ्यानें भागत नाहीं, राजनिष्ठेच्या विरुद्ध जाणारा प्रत्यक्ष द्वेषभाव असला पाहिजे. त्या वृत्तपत्राचें नांव योगायोगानें ‘प्रतोद’ असें होतें. प्रतोद म्हणजे हांकण्याची काठी, चाबूक. ‘तुद्’, टोंचणें, या धातूचें तें रूप. तोच शब्द आज विधिमंडळांत आपल्या पक्षाच्या आमदारांस मतदानाचा आदेश देणाऱ्या पुढाऱ्याला लावतात, आणि हा प्रतोद नेमण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाला मे २०२३ मध्यें निर्णय द्यावा लागला. काठी कोणाच्या हातीं हा प्रश्न जुना होत नाहीं.

१९०८ सालच्या खटल्यांत तर सारा वाद मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरावर येऊन ठेपला. टिळकांनीं सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी केली, आणि एकवीस तासांहून अधिक चाललेल्या आपल्या भाषणांत भाषांतरानें मूळ लेखांचा अर्थ कसा विकृत झाला हें ज्यूरीपुढें मांडलें. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थ होते. ज्या भाषेंतील लेखांवर निकाल द्यावयाचा ती भाषा जाणणारी ज्यूरी मिळावी ही त्यांची मागणी मान्य झाली नव्हती. सातांविरुद्ध दोन मतांनीं ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

तिसरा प्रसंग आमच्याच जिल्ह्यांतला आहे. जिल्ह्याचें नांव आज अहिल्यानगर झालें आहे. त्या काळीं तें अहमदनगर होतें. १ मे १९१६ रोजीं बेळगांवीं, आणि पुढें ३१ मे व १ जून रोजीं नगरास, टिळकांनीं स्वराज्यावर व्याख्यानें दिलीं. या तीन व्याख्यानांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटानें त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकीं दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टांत त्यांची बाजू बॅरिस्टर जिना यांनीं मांडली. ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं न्या. बॅचलर व न्या. शहा यांनीं तो हुकूम रद्द केला. मुख्य मुद्दा असा धरला गेला कीं, तुटक वाक्यें वेंचून अर्थ काढूं नये. व्याख्यान सबंध वाचावें आणि ऐकणाऱ्यांच्या मनावर त्याचा एकंदर परिणाम काय झाला असता तें पाहावें. टीकाशास्त्राचा हा पहिला धडा आहे, आणि तो या वेळीं न्यायाधीशांनीं दिला. एखादें वाक्य तिखट आहे एवढ्यावरून बोलणारा धार लावीत होता कीं जेवण रुचकर करीत होता, हें सांगतां येत नाहीं.

हे खटले राजकारणाचे झाले. पण हाच प्रश्न आज घराघरांत शिरला आहे. गुन्ह्यास साह्य वा चिथावणी देणें याची व्याख्या दंडसंहितेच्या १०७ व्या कलमांत होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली तेव्हां ती ४५ व्या कलमांत आली. मूळ इंग्रजी शब्द ‘इन्स्टिगेट’ तसाच राहिला. कायद्याच्या मराठींत या सबंध प्रकाराला ‘अपप्रेरणा’ म्हणतात, आणि हा शब्द बनविणाराचें कौतुक केलें पाहिजे. ‘प्रेरणा’ या चांगल्या शब्दाला एकच उपसर्ग लावून त्यानें तिची दिशा फिरविली. आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या एका खटल्यांत २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ‘इन्स्टिगेट’चा अर्थ उलगडतांना टोंचणें, पुढें ढकलणें, डिवचणें, चेतविणें अशा अर्थाचीं क्रियापदेंच ओळीनें मांडलीं, आणि सांगितलें कीं, परिणामाचा हेतु मनांत नसतां रागाच्या भरांत निघून गेलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. म्हणजे ज्या भेदाला आम्ही वर्गांत पांच मिनिटें देत नाहीं, त्या भेदावर एका माणसाचा तुरुंगवास आणि एका मृत जिवाचा न्याय तोलला जातो. राग आणि चिथावणी यांचें भाषांतर एकाच शब्दानें करणारा मनुष्य न्यायाच्या कामीं उपयोगी पडणार नाहीं.

यावर एक आक्षेप येईल. चेतविणाराला इतका दोष द्यावयाचा तर मग गुरूनें शिष्याला, आईनें मुलाला, पुढाऱ्यानें लोकांना कांहींच सांगूं नये काय? तसें अर्थातच नाहीं. धार नसलेला विळा घेऊन कोणी ज्वारी काढावयास जात नाहीं. टोंचून बोलल्यावांचून न उठणारीं माणसें असतात, आणि कित्येकदां आपण स्वतःच त्यांत असतों. प्रश्न टोंचण्याचा नाहीं. टोंचणारा कोठें उभा आहे याचा आहे. पराणीच्या बाबतींत तर कायद्यानेंहि मर्यादा घातली आहे : ओझ्याच्या जनावरांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६५ च्या नियमांनीं अणकुचीदार खिळ्याची काठी वापरण्यास मनाई केली. पोळ्याच्या दिवशीं तर शेतकरी बैलाच्या खांद्यावर जूंहि ठेवीत नाहीं. जनावराच्या कातडीची जी काळजी आपण घेतों ती माणसाच्या मनाची घ्यावयास काय हरकत आहे?

ज्या कुटुंबांत हें मासिक वाचलें जातें त्यांना तर या भेदाची रोज गरज आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा, पुढें डॉक्टरी-इंजिनियरीच्या प्रवेशपरीक्षा, त्यापुढें सरकारी नोकरीच्या परीक्षा. घरांतल्या मुलाला कोणी ना कोणी सतत कांहीं तरी म्हणत असतें. शेजाऱ्याचा मुलगा पाहा, असें म्हणणें हें डिवचणें आहे. तुझ्याइतका हुशार आमच्या सात पिढ्यांत झाला नाहीं, असें म्हणणें हें हरभऱ्याचें झाड आहे. घराची अब्रू तुझ्या हातीं आहे, असें म्हणणें ही पराणी आहे, आणि तिला आरहि आहे. यांपैकीं कशालाहि आपण उत्तेजन म्हणतों व समाधानानें झोंपीं जातों. तो मुलगा नापास झाला तर त्याचें वर्ष जाईल, त्याची झोंप जाईल, आणि आपण म्हणूं, ‘आम्ही तर त्याला सारखें उत्तेजन देत होतों!’

तेव्हां ‘एग ऑन’चा मराठी प्रतिशब्द कोणता, असें विद्यार्थ्यानें विचारलें तर एकच शब्द सांगूं नये. बोलणाराचा हेतु पाहावा, ऐकणाराची स्थिति पाहावी, आणि मुख्यतः परिणाम कोणाच्या पदरांत पडणार तें पाहावें. बोलणारा त्या परिणामाचा वांटेकरी होण्यास तयार असेल, विदुलेप्रमाणें आपला सांठविलेला कोश पुढें करीत असेल, तर खुशाल ‘उत्तेजन’ लिहावें; शब्द कितीहि तिखट असले तरी तें उत्तेजनच होय. तो तयार नसेल तर ‘भरीस घालणें’, ‘डिवचणें’, ‘चिथावणें’ यांपैकीं जो शब्द त्या प्रसंगाला बसेल तो लिहावा, आणि परीक्षकानें त्याचे गुण कापूं नयेत.